पॅरिसच्या जुन्या बाजारातली उडती तबकडी: फ्युचुरो घर पहिल्यांदा बघायला जाणाऱ्यांसाठी

पॅरिसला जाणाऱ्या आपल्या लोकांची लिस्ट ठरलेली असते, आयफेल, लूव्र, बोटीतली चक्कर, डिस्नी, आणि मग एखादा दिवस मोकळा निघाला की ग्रुपवर मेसेज येतो, अजून काय बघण्यासारखं आहे का हो. तर हे त्या मोकळ्या दिवसासाठी. शहराच्या उत्तरेला, रिंगरोड ओलांडला की लगेच, सँत्वाँ नावाचं गाव आहे, तिथे जुन्या वस्तूंचा जगातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक बाजार भरतो, आणि त्या बाजारातल्या मार्शे दोफिन नावाच्या मोठ्या हॉलमध्ये, काचेच्या छपराखाली, एक अख्खं प्लास्टिकचं घर चार पायांवर उभं आहे. गोल, चपटं, लंबगोल खिडक्यांचं. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवल्यात असा आकार. नाव फ्युचुरो, डिझाइन १९६८ चं, आर्किटेक्ट फिनलंडचा मात्ती सूरोनेन.

बहुतेक लोक येतात, समोर उभं राहून एक सेल्फी काढतात आणि पुढे जातात. पाच मिनिटं. मला ते बघून वाईट वाटतं, कारण या घराची खरी मजा त्याच्या सांध्यांमध्ये आणि पायांमध्ये आहे, आणि ती कुठे बघायची हे कुणी सांगितलं नाही तर कळत नाही. म्हणून क्रमाने लिहितो.

आधी वार बघा

हा बाजार रोजचा नाही. पब्लिकसाठी शनिवार, रविवार आणि सोमवार एवढंच धरून चाला. शनि-रवि साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ६, सोमवारी ११ ते ५. शुक्रवारी सकाळीही थोडी हालचाल असते पण ती मुख्यतः धंदेवाल्यांची, ट्रक लागलेले असतात, माल चढतो उतरतो, आपण तिथे मध्ये कडमडायचं कारण नाही. सोमवारी गर्दी कमी असते हे खरं, पण बरेच गाळेही बंद असतात. माझं मत विचाराल तर शनिवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा, रविवारी दुपारी गल्ल्यांमधून चालणं मुश्किल होतं. ऑगस्टमध्ये निम्मं पॅरिस सुट्टीवर असतं, बरेच दुकानदारही, त्यामुळे त्या महिन्यात फार अपेक्षा ठेवू नका.

हे घर तिथे दहाएक वर्षांहून जास्त काळ आहे, तरी शेवटी ती बाजारातली वस्तू आहे, म्युझियममधली नाही, त्यामुळे निघायच्या आधी मार्केटच्या साइटवर किंवा इन्स्टावर एक नजर टाका. बाजारात शिरायला तिकीट नाही.

मेट्रो कुठली घ्यायची

सगळे सांगतात ४ नंबरची मेट्रो घ्या आणि पोर्त द क्लिन्यांकूर या शेवटच्या स्टेशनला उतरा. बरोबर आहे, सोपं आहे, शहराच्या मधोमध जाणारी लाइन आहे. फक्त तिथून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं जे दिसतं त्याने खूप जण नाराज होतात. नकली ब्रँडचे बूट, बेल्ट, मोबाइलचे कव्हर, रस्त्यावर उभं राहून कानाशी येऊन घड्याळ विकणारे. लोकांना वाटतं हाच तो बाजार, आणि परत फिरतात! हा तो बाजार नाही. सरळ उत्तरेकडे चालत राहा, फ्लायओव्हरसारखा मोठा रिंगरोड डोक्यावरून जातो, त्याच्या खालून पलीकडे जा, मग डावीकडे र्यू दे रोझिए हा रस्ता लागेल. तो या बाजाराचा कणा. या रस्त्याला लागलात की दुकानांचा नूरच बदलतो. दोफिनचा हॉल याच रस्त्यावर पुढे आहे.

स्टेशनपासून रिंगरोडपर्यंतच्या गर्दीत फोन मागच्या खिशात नको, पर्स पुढे. दादर स्टेशनबाहेर जेवढं भान ठेवता तेवढं पुरे.

गर्दी नकोच असेल तर १३ नंबरच्या लाइनवर गारिबाल्दी स्टेशनला उतरा, किंवा १४ नंबरने मेरी द सँत्वाँ. दोन्हीकडून थोडं चालावं लागतं पण गावातल्या शांत रस्त्यांवरून बाजारात मागच्या बाजूने शिरता येतं. सोबत वयस्कर आई-बाबा असतील तर मी हाच रस्ता सांगेन. तिकिटासाठी नाविगो ईझी नावाचं कार्ड मिळतं, कार्डाचे २ युरो वेगळे, त्यात फेऱ्या भरायच्या, आणि एक कार्ड दोघांत चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं घ्यावं लागतं, हे आपले लोक हमखास विसरतात.

आत शिरल्यावर लगेच घराकडे धावू नका

सँत्वाँचा बाजार म्हणजे एक जागा नाही, डझनभर छोटी मार्केटं एकमेकांना चिकटून आहेत. सगळ्यात जुनं व्हर्नेझों, १९२० चं. मग बिराँ, पोल बेर, सेर्पेत वगैरे. सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली ती चिंध्या-भंगार गोळा करणाऱ्यांपासून. १८८४ च्या सुमाराला पॅरिसच्या प्रशासनाने घराघराला झाकणाचे कचऱ्याचे डबे सक्तीचे केले आणि रात्री कचरा उपसून पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला, त्यांना शहराच्या तटाबाहेर ढकललं गेलं, तिथे त्यांनी पथाऱ्या मांडल्या, आणि हळूहळू पॅरिसचे शौकीन लोक रविवारी तिकडे फिरायला यायला लागले. आज तिथे एकेक खुर्ची आपल्या गाडीच्या किमतीला विकली जाते, तो भाग वेगळा.

दोफिन त्यामानाने नवं, १९९१ चं. दुमजली, वर लोखंड आणि काच. खाली फर्निचर, दिवे, जुने रेडिओ, वर पुस्तकं, पोस्टर, रेकॉर्ड्स, फोटो. आत गेलात की आधी एक चक्कर मारा, कारण आजूबाजूच्या काही गाळ्यांत साठ-सत्तरच्या दशकातलं प्लास्टिकचं फर्निचर मिळतं, भडक नारिंगी दिवे, गोल टीव्ही, फुगीर खुर्च्या. ते डोळ्याखालून गेलं की मग घर बघायचं. माणूस चंद्रावर पोचतोय, प्लास्टिक स्वस्त आहे, सगळं गोल आणि गुळगुळीत व्हायला हवं, हा त्या काळातला मूड अंगात भिनल्यावर ते घर विचित्र वाटत नाही. उलट असं वाटतं की या खुर्च्या राहणार तरी दुसऱ्या कुठल्या घरात?

आता घर, आणि सुरुवात पायांपासून

समोर उभे राहा आणि नजर खाली न्या. घर जमिनीला टेकलेलं नाही. खाली लोखंडी नळ्यांचे चार पाय आहेत, ते वर एका लोखंडी कड्याला जोडलेत, आणि त्या कड्यात घर बसवलंय. या घराचा अख्खा हेतू इथे दिसतो. सूरोनेनकडे त्याचा शाळेतला मित्र याक्को हीडेनकारी आला होता, त्याला स्कीइंगसाठी डोंगरात केबिन हवी होती, अटी अशा की पटकन गरम झाली पाहिजे आणि अवघड उतारावर उभी करता आली पाहिजे. उतारावर नेहमीचं घर बांधायचं तर आधी जमीन कापून सपाट करा, पाया खणा, तिकडे सिमेंट-वाळू चढवा. यात ते काही नाही. काँक्रीटचे चार ठोकळे, त्यावर पाय, आणि उतार २० अंशांपर्यंत असला तरी चालेल. दोफिनमध्ये सपाट फरशी आहे म्हणून पाय उगाच स्टाइलसाठी दिलेत असं वाटतं, पण मनातल्या मनात खालची जमीन तिरकी करून बघा, लगेच पटतं.

आणि गरम होण्याचं? कंपनीचा दावा होता की इलेक्ट्रिक हीटरवर उणे २९ वरून अर्ध्या तासात १५ अंशांपर्यंत आणता येतं. घर गोल असलं की आतल्या जागेच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमी, म्हणजे थंडी शिरायला वाव कमी, आणि भिंत म्हणजे दोन्ही बाजूंना फायबरग्लास नि मध्ये पॉलियुरेथेन फोमचा थर, आपल्या फ्रिजच्या दारात असतो तोच प्रकार.

मग शिवणी मोजा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हे कुणीच करत नाही. घराच्या अंगावर उभ्या रेघा दिसतील, वरून मधल्या पट्ट्यापर्यंत आणि तिथून खाली. त्या डिझाइनच्या रेघा नाहीत, ते सांधे आहेत. अख्खं घर १६ तुकड्यांचं आहे, ८ वरचे, ८ खालचे, बोल्टने एकमेकांना आवळलेले आणि फटी सील केलेल्या. प्रत्येक तुकडा साच्यात काढलेला, फायबरग्लासची होडी बनवतात तशाच पद्धतीने, काचेच्या धाग्यांची चटई, त्यावर पॉलिस्टर रेझिन, बाहेरून गुळगुळीत कोट. सूरोनेनला हे अचानक सुचलेलं नाही, आधी त्याने सेइनायोकी गावातल्या धान्याच्या कोठारासाठी असाच प्लास्टिकचा मोठा घुमट केला होता, त्या कामाचा अनुभव इथे कामी आला. कोठाराचं झाकण ते चंद्रावरचं वाटणारं घर, असा प्रवास!

आता हिशोब करा. घराचा व्यास साधारण ८ मीटर, उंची ४ मीटर. रस्त्यावरचा ट्रक असतो अडीच मीटर रुंद. म्हणजे अख्खं घर उचलून ट्रकवर टाकलं आणि निघालो हे शक्यच नाही. जाहिरातीत दोन मार्ग सांगितले जायचे, एक तर हेलिकॉप्टरला लटकवून आख्खं न्या, किंवा सुटं करून न्या आणि जागेवर दोन दिवसांत जोडा. हेलिकॉप्टरचे फोटो झकास येतात म्हणून सगळीकडे तेच दिसतात, पण हेलिकॉप्टरचं भाडं कोण भरणार? सामान्य माणसासाठी खरा मार्ग दुसराच. आणि दोफिनच्या हॉलच्या दारांकडे एकदा बघा, ८ मीटरची वस्तू त्यातून आत येणं शक्य नाही, त्यामुळे हे घर इथे तुकड्यांतच आलं असणार. म्हणूनच म्हणतो शिवणी बघा. त्या नसत्या तर हे घर इथे उभंच राहिलं नसतं.

माझं स्पष्ट मत, 'पोर्टेबल' हा शब्द विकण्यासाठी होता. घर हलवता येतं, पण हलवणं हा मोठा उद्योग आहे. सहज नेण्यासारखं खरंच काही बघायचं असेल तर फ्रान्समध्येच झाँ प्रूव्हेने १९४४ मध्ये युद्धात बेघर झालेल्यांसाठी सहा बाय सहा मीटरचं लाकूड-लोखंडाचं सुटं होणारं घर केलं होतं, दोन-तीन माणसं एका दिवसात उभं करायची. ते दिसायला शेडसारखं, म्हणून त्याच्यापुढे सेल्फीला रांग लागत नाही.

वरच्या मजल्यावर जाऊन एकदा बघाच

जिन्याने वर जा आणि कठड्यापाशी उभं राहून घराकडे बघा. खालून ते भलंमोठं वाटतं, वरून लक्षात येतं की एवढ्यात एक कुटुंब कसंबसं मावेल. वरचे आठ तुकडे मध्यभागी येऊन कसे मिळतात ते इथून नीट कळतं. फोटोही इथूनच चांगला येतो, खालून काढलात तर मागे नेहमी कुणाचं तरी झुंबर नाहीतर घोड्याचा पुतळा येतो.

दार आणि आतला भाग

फ्युचुरोचं दार विमानासारखं असतं, खाली बिजागरी, उघडलं की दारच खाली येतं आणि त्याच्या आतल्या बाजूला पायऱ्या. आत जायला मिळेल की नाही हे त्या दिवसावर आणि तिथे असलेल्या माणसावर आहे. दोरी लावलेली असेल तर ओलांडू नका, कुणी असेल तर आधी 'बोंझूर' म्हणून मग विचारा. हे बोंझूर हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे दुकानात शिरताना कुणी नमस्कार करत नाही, तिकडे न करता थेट प्रश्न विचारला तर ते उद्धट समजतात आणि मग उत्तरही तसंच येतं.

आत डोकावायला मिळालं तर मूळ घरात काय असायचं ते माहीत असलेलं बरं, कारण बहुतेक घरांत आतलं सगळं कधीच काढून टाकलेलं असतं. गोल भिंतीला लागून सहा आरामखुर्च्या, झोपताना त्यांचेच बिछाने, मधोमध शेकोटी-कम-ग्रिल, बाजूला छोटं किचन, बाथरूम, एक वेगळी बेडरूम. सरळ भिंत जवळजवळ नाहीच. विचार करा, आपलं गोदरेजचं कपाट कुठे लावणार? देव्हारा कुठे ठेवणार? कॅलेंडर कशावर टांगणार? नवीन काहीही विकत घेतलं की ते त्या गोलाईत बसत नाही, त्यामुळे घराबरोबर त्यांचंच फर्निचर घ्यायचं आणि आयुष्यभर तेच वापरायचं. मला वाटतं लोकांना हे घर बघायला आवडलं आणि राहायला नको वाटलं त्यात याचा मोठा हात आहे.

बाकी कारणं पुस्तकी आहेत पण खरी आहेत. अमेरिकेत किंमत १२ ते १४ हजार डॉलरच्या आसपास होती, त्या काळात ही काही स्वस्त केबिन नव्हे. फिनलंडमध्ये हिर्वेनसाल्मीच्या तळ्याकाठी बसवलं तेव्हा आसपासचे लोक खवळले, निसर्गात ही कसली वस्तू आणून ठेवलीय म्हणून. आणि १९७३ ला तेलसंकट आलं, कच्चं तेल काही महिन्यांत कुठल्या कुठे गेलं, प्लास्टिक तेलापासूनच बनतं, संपला विषय. जगभरात मिळून शंभराच्या आतच घरं बनली, त्यातली साठेक आज शिल्लक असल्याचं धरतात.

प्लास्टिक म्हातारं कसं होतं ते इथे शिका

लाकडी वस्तूला वाळवी लागते, लोखंड गंजतं, हे आपल्याला माहीत असतं. प्लास्टिकचं काय होतं ते माहीत नसतं, आणि तुम्हाला पुढे कधी या काळातली एखादी वस्तू घ्यायची असेल तर या घरासारखी शाळा नाही. कवचाच्या जवळ जाऊन तिरक्या उजेडात बघा. उन्हात राहिलेल्या फायबरग्लासची चमक जाते, बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते (इथे बोट फिरवू नका, दुसऱ्याची वस्तू आहे). बोल्टच्या आजूबाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात. खिडक्या काचेच्या नसून फुगीर अ‍ॅक्रिलिकच्या असतात, त्या धुरकट होतात. आणि सांध्यांच्या फटीतून पाणी आत गेलं तर ते फोममध्ये मुरतं आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. दुरुस्त करून नवा रंग दिलेलं घर असेल तर रंगाखाली शिवणीची रेघ सरळ आहे का वाकडी ते बघायचं, त्यावरून कळतं तुकडे नीट बसलेत का कसेबसे ओढून आवळलेत.

घर नाही पण काहीतरी घेऊन यायचंय?

तर छोट्या प्लास्टिकच्या वस्तू बघा. कार्टेल कंपनीचे एकावर एक बसणारे गोल ड्रॉवर, ज्यो कोलोंबोची चाकाची ट्रॉली, पँटनची एका तुकड्यातली खुर्ची हे त्या काळातले हिट माल. पण सावध, यातल्या बऱ्याच वस्तू आजही नव्या बनतात, आणि नवी वस्तू जुनी म्हणून गळ्यात मारणं काही फक्त चोर बाजारातच होतं असं नाही. उलटी करून तळ बघा. कंपनीचं नाव साच्यातूनच उठलेलं असावं, चिकटवलेलं नको. तळाला वापराचे ओरखडे हवेत, वरून पिवळी पडलेली आणि खालून कोरी असेल तर प्रश्न विचारा. पँटन खुर्ची घेत असाल तर बैठक जिथे खाली वळते तिथे मागून हात घाला, आधारासाठी फासळ्यांसारख्या उभ्या पट्ट्या लागल्या तर ती साधारण सत्तरच्या दशकातली, पुढच्या आवृत्त्यांत त्या नाहीत.

घासाघीस चालते, पण आपल्यासारखी निम्म्यापासून सुरुवात केली तर माणूस तोंड फिरवेल. आधी वस्तूबद्दल विचारा, थोडं बोला, मग शांतपणे म्हणा शेवटचं किती. दहा-पंधरा टक्के सुटले तर चांगलं झालं समजा. रोख असली तर जरा जास्त सुटतात. मोठी वस्तू भारतात पाठवायचा विचार असेल तर बाजारात शिपिंगवाले बसतात त्यांच्याकडे आधी दर विचारा आणि मगच वस्तूचा भाव करा, कारण खुर्चीपेक्षा खुर्चीचा प्रवास महाग पडतो आणि मुंबईला कस्टम वेगळं.

भूक लागली तर

बाजारात कॅफे आहेत, रविवारी जागा मिळत नाही आणि भावही टुरिस्टांचे. शाकाहारी असाल तर त्रागा न करता परत ४ नंबरची मेट्रो पकडा आणि गार द्यू नॉरला उतरा, तिथून ला शापेलच्या बाजूला श्रीलंकेच्या तमिळ लोकांची अख्खी वस्ती आहे, डोसा, इडली, वडा, पोटभर आणि खिशाला परवडेल असं.

पॅरिसला जमलंच नाही तर

फ्युचुरो इतर ठिकाणीही बघता येतं. म्युनिकला मॉडर्न आर्टच्या पिनाकोथेक म्युझियमबाहेर २०१७ पासून एक उभं केलंय, जर्मनीत आपली भरपूर मुलं शिकायला आणि नोकरीला आहेत त्यांना ते सगळ्यात सोयीचं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या बॉइमन्स म्युझियमकडे सगळ्यात पहिला नमुना आहे. आणि फिनलंडमध्ये हेलसिंकीला लागून एस्पो शहरात वीजी नावाच्या सेंटरच्या आवारात ००१ नंबरचं घर आहे, हे मूळ मालकाने वर्षानुवर्षं सुट्टीचं घर म्हणून खरंच वापरलेलं. ते फक्त उन्हाळ्यात उघडतात, त्यामुळे नॉर्दर्न लाइट्सच्या ट्रिपला जोडून बघू असा प्लॅन असेल तर आत्ताच बदला.